फिलिप पिनेल

फिलिप पिनेल (२० एप्रिल, १७४५ – २५ ऑक्टोबर, १८२६) हे फ्रेंच वैद्य व आधुनिक मनोविकारशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. पॅरिसमधील बिसेत्र आणि साल्पेत्रियेर या दोन मोठ्या आश्रयगृहांत काम करताना त्यांनी मनोरुग्णांना वागविण्याची एक नवी पद्धत वैद्यकशास्त्राच्या चौकटीत मांडली. रुग्णाशी शांतपणे व आदराने बोलणे, त्याचा पूर्वेतिहास समजून घेणे, त्याच्या भोवतालची जागा, दिनक्रम, अन्न व सोबत यांची काळजीपूर्वक आखणी करणे, हाच त्यांच्या मते उपचाराचा मुख्य भाग होता. औषधे, रक्तस्राव व रेचके यांना त्यांनी दुय्यम स्थान दिले. मनोरुग्णांच्या साखळ्या तोडणारा वैद्य म्हणून पिनेल यांचे नाव जगभर प्रसिद्ध आहे. मात्र ही प्रसिद्धी ज्या प्रसंगावर उभी आहे तो जसा सांगितला जातो तसा घडलेला नाही. या कार्यातील मोठा वाटा झाँ-बाप्तिस्त प्युसाँ या वैद्यकीय पदवी नसलेल्या अधीक्षकाचा होता.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

पिनेल यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील आजच्या तार्न विभागात झाला. त्यांचे वडील शल्यकर्म करीत व घराण्यात वैद्यकीची परंपरा होती. तरीही पिनेल यांना आरंभी धर्मशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविण्यात आले. १७७० मध्ये त्यांनी तो मार्ग सोडला आणि तुलूझ येथे वैद्यकाच्या अभ्यासास प्रारंभ केला. १७७३ मध्ये त्यांना तेथील पदवी मिळाली. पुढील वर्षी ते माँपेलिए येथे गेले व सुमारे चार वर्षे तेथील रुग्णालयांत आणि ग्रंथालयांत त्यांनी अध्ययन केले. रुग्णशय्येपाशी उभे राहून जे दिसेल ते रोजच्या रोज लिहून ठेवण्याची सवय त्यांना याच काळात जडली. ती अखेरपर्यंत टिकली.

१७७८ मध्ये ते पॅरिसला आले. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेचे नियम कडक होते व प्रांतातील विद्यापीठाच्या पदवीवर राजधानीत व्यवसाय करण्याची मुभा नव्हती. त्यामुळे पुढील सुमारे पंधरा वर्षे पिनेल यांनी गणिताच्या शिकवण्या, भाषांतरे व संपादन यांवर उदरनिर्वाह केला. स्कॉटिश वैद्य विल्यम कलन यांच्या ग्रंथाचे त्यांनी केलेले फ्रेंच भाषांतर १७८५ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यविषयक एका नियतकालिकाचे संपादनही त्यांनी काही वर्षे केले. विद्याशाखेच्या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत ते दोनदा अपयशी ठरले. स्वभावाने ते संकोची होते व चारचौघांत बोलताना अडखळत. मादाम एल्वेस्यूस यांच्या घरी भरणाऱ्या विचारवंतांच्या बैठकीत मात्र त्यांचा प्रवेश झाला आणि तेथे काबानिस यांसारख्या वैद्यांशी त्यांचे स्नेहसंबंध जुळले. पुढे क्रांतीच्या काळात या स्नेह्यांच्या हाती सार्वजनिक रुग्णालयांचा कारभार आला, तेव्हा हीच ओळख उपयोगी पडली.

मनोविकारांकडे ते वळले ते एका खाजगी दुःखामुळे. त्यांचा एक तरुण मित्र तीव्र विषादाने ग्रस्त झाला, विकार बळावत गेला आणि अखेर एका रात्री तो घराबाहेर पडून जवळच्या अरण्यात मृत्यू पावला. त्यानंतर पिनेल यांनी पॅरिसमधील बेलॉम यांच्या खाजगी उपचारगृहात जाऊन रुग्णांचे निरीक्षण सुरू केले. तेथे त्यांनी सुमारे पाच वर्षे काम केले. श्रीमंत रुग्ण दीर्घकाळ राहिल्यास चालकाचा लाभ होत असे, त्यामुळे ते बरे व्हावेत याची तेथे कोणाला घाई नव्हती, असा अनुभव त्यांना आला. उपचाराचे स्थळच उपचाराच्या आड येऊ शकते, हे पिनेल प्रथम येथे शिकले असे म्हणावयास हरकत नाही.

बिसेत्र आणि प्युसाँ

फ्रेंच राज्यक्रांतीचे पिनेल यांनी आरंभी स्वागत केले. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तेव्हा नागरी रक्षक दलातील कर्तव्य म्हणून ते शस्त्रासह तेथे उपस्थित होते. ते दृश्य पाहून त्यांना झालेला क्लेश भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची बिसेत्र येथे वैद्य म्हणून नेमणूक झाली व सप्टेंबरमध्ये ते कामावर रुजू झाले. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते.

बिसेत्र हे आजच्या अर्थाने रुग्णालय नव्हते. शिक्षा भोगणारे गुन्हेगार, गुप्तरोगाने ग्रस्त झालेले, निराधार वृद्ध आणि अपंग अशा सुमारे चार हजार पुरुषांना तेथे एकत्र ठेवलेले असे. त्यांत मनोरुग्णांची संख्या सुमारे २०० होती. विभाग निराळा असला तरी तो बरा न होणाऱ्यांचा मानला जाई. शहरातील दुसऱ्या रुग्णालयात रक्त काढणे, रेचके देणे व थंड पाण्यात बुडविणे हे उपाय करून थकलेले रुग्ण शेवटी येथे पाठविले जात.

या विभागाचा खरा कारभारी झाँ-बाप्तिस्त प्युसाँ हा होता. व्यवसायाने कातडी कमावणारा प्युसाँ १७७१ मध्ये गंडमाळेच्या उपचारासाठी रुग्ण म्हणूनच बिसेत्रमध्ये दाखल झाला होता. बरा झाल्यावर तो तेथेच नोकरीस राहिला व १७८० च्या दशकाच्या मध्यास मनोरुग्ण विभागाचा अधीक्षक झाला. त्याची पत्नी मार्गरीत त्याच्या बरोबरीने काम करीत असे. प्युसाँने परिचारकांना रुग्णांवर हात उगारण्यास सक्त मनाई केली होती. रुग्णाने मारले तरी उलट मारावयाचे नाही, हा नियम मोडणाऱ्याला कामावरून काढले जाई. नवे परिचारक निवडताना तो बऱ्या झालेल्या व बऱ्या होत आलेल्या रुग्णांना प्राधान्य देई. ही माणसे अधिक दयाळू असतात, दुसऱ्याचा उद्रेक त्यांना आपल्या अनुभवावरून समजतो, आणि काम मिळाल्याने त्यांची स्वतःची प्रकृतीही सावरते, असे त्याचे निरीक्षण होते.

पिनेल यांचा मोठेपणा असा, की पॅरिसमध्ये नावारूपास येऊ पाहणाऱ्या या विद्वान वैद्याने एका अर्धशिक्षित अधीक्षकाचे शिष्यत्व पत्करले. वैद्यकातील पंडिती परिभाषा बाजूस ठेवून त्यांनी प्युसाँ काय करतो ते पाहिले, टिपले आणि पुढे ग्रंथात त्याचे श्रेय नाव घेऊन दिले. वैद्य दिवसातून एकदा फेरी मारतो, पण अधीक्षक चोवीस तास रुग्णांत असतो. त्यामुळे रुग्णाची खरी माहिती आणि त्याच्यावरील खरा प्रभाव अधीक्षकाजवळच असतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

उपचारपद्धती

पिनेल यांच्या पद्धतीस फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचे शब्दशः भाषांतर नैतिक उपचार असे होते व त्यामुळे मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. त्या काळच्या फ्रेंच वैद्यकात हा शब्द शरीराहून निराळे जे काही, म्हणजे मन, भावना व विचार, त्यांना उद्देशून वापरला जाई. नीतीचे धडे देणे हा त्याचा मूळ अर्थ नव्हे.

या पद्धतीचा पाया एका निरीक्षणात आहे. मनोरुग्णाची बुद्धी संपूर्णपणे नष्ट झालेली असते, ही तत्कालीन समजूत पिनेल यांनी नाकारली. अनेक रुग्णांचा विकार अधूनमधून उफाळतो व मधल्या काळात ते सुसंगत बोलतात. काहींचा भ्रम एकाच विषयापुरता असतो. काहींची विचारशक्ती शाबूत असून केवळ आवेग अनावर असतात. थोडक्यात, रुग्ण स्वतःला परका झालेला असतो, पण नाहीसा झालेला नसतो. शिल्लक असलेल्या या शहाणपणाशी वैद्याला संवाद साधता येतो व त्याच्या आधाराने रुग्णाला परत आणता येते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांनी पिनेल यांच्या याच विचाराचे विशेष कौतुक केले आहे. दुसरीकडे, रुग्णाचे काहीच उरलेले नाही असे मानले की त्याच्याशी बोलण्याचेही कारण उरत नाही आणि त्याला बांधून ठेवण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

पिनेल यांनी नोंदविलेल्या प्रकरणांपैकी एका घड्याळजीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. क्रांतीच्या धामधुमीत भ्रमिष्ट झालेल्या या कारागिराची अशी खात्री झाली होती, की आपला शिरच्छेद झाला, नंतर न्यायाधीशांनी निकाल फिरवून शिर परत जोडण्याचा हुकूम दिला, पण चुकीने दुसऱ्याच कोणाचे तरी शिर आपल्या धडावर बसविले गेले. याच्या जोडीला न थांबणारे यंत्र तयार करण्याचा ध्यास त्याला लागला होता. त्याला विरोध न करता हत्यारे व साहित्य पुरविण्यात आले. अनेक दिवस खपून केलेले यंत्र बंद पडल्यावर तो ध्यास आपोआप ओसरला. शिराचा भ्रम मात्र कायम राहिला. तेव्हा बरा होत आलेल्या एका विनोदी रुग्णाला पुढे करण्यात आले. संत दनी याने आपले तोडलेले मस्तक हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले, या दंतकथेवर त्याने गप्पांच्या ओघात बोलणे आणले. घड्याळजीने हे शक्य असल्याचे हिरिरीने सांगताच, मग चुंबन घेतले ते काय टाचेने, असे विचारून त्याने त्याची खिल्ली उडविली. जमलेले सर्वजण हसले, घड्याळजी गोंधळून निघून गेला आणि पुन्हा त्याने शिराचा विषय काढला नाही. पुढे तो कामास लागला व घरी परतला. येथे उपचार केला तो दुसऱ्या रुग्णाने. वैद्य व अधीक्षक यांनी त्यासाठी योग्य वेळ व योग्य सोबत शोधली, एवढेच.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले नाहीत आणि पिनेल यांनी अपयश झाकून ठेवले नाही. एका शिंप्याच्या तोंडून राजाच्या बाजूचे काही उद्गार निघून गेले होते व त्यासाठी आपला शिरच्छेद होणार या भयाने तो झुरत होता. आश्रयगृहातील कपडे दुरुस्त करण्याचे काम मिळाल्यावर तो काही काळ सुधारला, पण भय परतले. तेव्हा पिनेल यांनी तीन तरुण वैद्यांना न्यायाधीशांचा वेश देऊन लुटुपुटीची चौकशी घडवून आणली व शिंप्याला निर्दोष ठरविले. त्याला लगेच उतार पडला. पुढे कोणीतरी बेसावधपणे तो सारा बनाव होता हे त्याला सांगून टाकले. विकार उलटला व पुन्हा बरा झाला नाही. फसवणुकीच्या आधारावर मिळविलेला विश्वास किती ठिसूळ असतो याचे हे उदाहरण असले, तरी पिनेल यांनी त्यावरून तसा निष्कर्ष काढलेला नाही.

भयाचा वापरही या पद्धतीस वर्ज्य नव्हता. धार्मिक भ्रमातून अन्नत्याग केलेल्या एका रुग्णासमोर प्युसाँ रात्री परिचारकांचा ताफा घेऊन, साखळ्या खणखणवीत व डोळे वटारून उभा राहिला आणि पेज ठेवून, सकाळपर्यंत ती न संपविल्यास कठोर वागणूक मिळेल अशी धमकी देऊन गेला. रात्रभर नरकाचे भय व या भयाची तुलना करून रुग्णाने अखेर अन्न घेतले व कालांतराने तो बरा झाला. उद्रेक झालेल्या रुग्णाला जाड कापडाचा, लांब बाह्यांचा बंधक अंगरखा घालणे किंवा त्याच्या मस्तकावर थंड पाण्याची धार सोडणे, हे उपाय पिनेल यांनी चालू ठेवले. ते थोडा वेळच करावेत, त्यांत सूड नसावा आणि उद्रेक शमताच रुग्णाशी पुन्हा सौम्यपणे वागावे, एवढी मर्यादा त्यांनी घातली.

भोवतालच्या व्यवस्थेविषयी त्यांचे लेखन अधिक तपशीलवार आहे. उद्रेकी, विषण्ण व बरे होत आलेले रुग्ण एकाच अंगणात ठेवल्यास बरे होणारे पुन्हा बिघडतात, म्हणून त्यांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या हव्यात, असे ते सांगत. रुग्णाला शक्य तेवढे हिंडूफिरू द्यावे आणि नातेवाइकांच्या भेटी वेळ पाहून ठरवाव्यात, हेही त्यांच्या नियमांत होते. अन्नाचा प्रश्न त्यांनी विशेष जिव्हाळ्याने मांडला. क्रांतीच्या टंचाईत भाकरीचे वाटप घटले तेव्हा बिसेत्रमध्ये मृत्यू वाढले, आणि उपाशी माणसाच्या मनावर उपचार करणे अशक्य आहे, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखविले. काम हा त्यांच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय होता. स्पेनमधील सारागोसा येथील आश्रयगृहात रुग्ण शेतात व मळ्यात राबतात व त्यांतील पुष्कळ बरे होतात, याउलट श्रमाला कमीपणा मानणारे उमराव तसेच राहतात, हे उदाहरण त्यांनी आवर्जून दिले आहे.

साल्पेत्रियेर येथील कार्य

१७९५ मध्ये पिनेल साल्पेत्रियेर या स्त्रियांच्या आश्रयगृहाचे मुख्य वैद्य झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. हजारो निराधार स्त्रियांच्या या वसाहतीत कित्येक शेकडा मनोरुग्ण होत्या. प्युसाँविना तेथे फारसे काही करता येणार नाही हे लक्षात आल्यावर पिनेल यांनी त्याच्या बदलीसाठी सतत पाठपुरावा केला. अखेर १८०२ मध्ये प्युसाँ साल्पेत्रियेरला आला व १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिला. विभागाची फेरआखणी, अंगणे, शिवणकामाच्या खोल्या व साखळ्यांचा पूर्ण त्याग हे सारे दोघांनी मिळून केले. दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवून किती बरे झाले याचे गणित मांडण्याचा प्रयत्नही पिनेल यांनी केला व १८०७ मध्ये तो विद्वत्सभेपुढे ठेवला. संख्याशास्त्राचा मनोविकारांसाठी केलेल्या आरंभीच्या वापरांत त्याची गणना होते.

१८०० च्या सुमारास त्यांनी साल्पेत्रियेरमध्ये देवीच्या लसीकरणासही चालना दिली. पॅरिसच्या वैद्यकशाळेत ते प्राध्यापक होते. १८०३ मध्ये विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली व पुढील वर्षी त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला. १८२२ मध्ये राजसत्तेने उदारमतवादी असल्याच्या संशयावरून वैद्यक विद्याशाखा बरखास्त केली, तेव्हा इतर काही प्राध्यापकांबरोबर वृद्ध पिनेल यांचेही अध्यापनपद गेले.

ग्रंथसंपदा

रोगांचे वर्गीकरण करणारा त्यांचा ग्रंथ १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. समकालीनांत पिनेल यांची कीर्ती मुख्यतः याच ग्रंथामुळे होती, पण आज तो इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. मनोविकारावरील त्यांचा प्रबंध १८०१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८०६ मध्ये झाले व १८०९ मध्ये बरीच भर घातलेली दुसरी आवृत्ती आली.

आव्हेरोंचा मुलगा

१८०० मध्ये दक्षिण फ्रान्सच्या अरण्यात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या एका मुलाला पॅरिसला आणण्यात आले. त्याची तपासणी करून पिनेल यांनी तो जन्मतःच मंदबुद्धी असून सुधारणे अशक्य आहे असा अभिप्राय दिला. तरुण वैद्य झाँ इतार यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. त्यांनी काही वर्षे मुलाला शिकविले आणि मादाम गेराँ यांनी त्याचा सांभाळ केला. व्हिक्टर असे नाव मिळालेला तो मुलगा बोलावयास शिकला नाही, परंतु माणसांत राहू लागला, त्याला माया लागली व काही शब्द वाचून ओळखू लागला. मनोरुग्णात शिल्लक असलेले शहाणपण शोधणाऱ्या पिनेल यांना या मुलात शोधण्यासारखे काही दिसू नये, ही त्यांच्या विचाराची मर्यादा म्हटली पाहिजे. विशेष म्हणजे मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणाची परंपरा पुढे इतार यांच्या प्रयत्नातूनच सुरू झाली.

साखळ्यांची आख्यायिका

प्रचलित कथेनुसार पिनेल यांनी बिसेत्रमध्ये येताच क्रांतिकारी नेते कुतों यांचा विरोध पत्करून स्वहस्ते रुग्णांच्या साखळ्या काढविल्या. ही कथा मुख्यतः त्यांचे पुत्र सिपियों पिनेल यांच्या लेखनातून व शिष्य एस्किरोल यांच्या वर्तुळातून पसरली. समकालीन कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. बिसेत्रमधील साखळ्या प्युसाँने १७९७ च्या सुमारास काढल्या व त्या वेळी पिनेल यांना तेथून जाऊन सुमारे दोन वर्षे झाली होती. स्वतः पिनेल यांनी आपल्या ग्रंथात हे श्रेय प्युसाँला दिलेले आहे. तरीही १८४९ मध्ये शार्ल म्यूलर यांनी व १८७६ मध्ये तोनी रोबेर-फ्लरी यांनी काढलेल्या भव्य चित्रांमुळे पिनेल यांचीच प्रतिमा लोकमानसात ठसली. इतिहासकार डोरा वाइनर यांच्या संशोधनामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्युसाँचे नाव पुन्हा पुढे आले.

मानवी वागणुकीच्या या चळवळीत पिनेल एकटेही नव्हते. फ्लॉरेन्स येथे विन्चेन्झो कियारूजी यांनी त्यांच्या आधीच बळजबरीवर निर्बंध घालणारे नियम केले होते. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने उभारलेले आश्रयगृह १७९६ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याला पिनेल यांच्या कार्याची माहिती नव्हती.

टीका

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात पिनेल यांच्यावर कठोर टीका केली. बाहेरच्या साखळ्या काढल्या, पण रुग्णाला सतत पाहिले जाण्याच्या व न्यायनिवाड्याच्या भयात ठेवून आतल्या साखळ्या घातल्या, असा तिचा आशय आहे. प्युसाँने दिलेली धमकी किंवा लुटुपुटीचे न्यायालय पाहता ही टीका निराधार नाही. ग्लॅडिस स्वेन यांनी १९७७ मध्ये वेगळी मांडणी केली. रुग्णामध्ये संवाद करण्याजोगी व्यक्ती शिल्लक आहे ही कल्पनाच पिनेल यांचे खरे कार्य होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकात आश्रयगृहे फुगत जाऊन एकेका वैद्याकडे शेकडो रुग्ण आले आणि पिनेल यांना अभिप्रेत असलेली ओळखीची, रोजच्या संभाषणाची पद्धत बहुतेक ठिकाणी नावापुरती उरली. त्याचा दोष पिनेल यांच्याकडे किती जातो, याविषयी मतभेद आहेत.

अखेर व स्मारके

२५ ऑक्टोबर, १८२६ रोजी पॅरिस येथे पिनेल यांचे निधन झाले व पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. साल्पेत्रियेरच्या प्रवेशद्वाराबाहेर १८८५ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. माँट्रिऑल व रिओ दी जानिरो येथील मनोरुग्णालयांना त्यांचे नाव आहे. रिओच्या रुग्णालयामुळे ब्राझीलमधील बोलीभाषेत पिनेल या शब्दालाच वेडा असा अर्थ आला असून, तो शब्द वापरणाऱ्या पुष्कळांना हे कोणा वैद्याचे नाव असल्याची कल्पनाही नसते.